पाण्यातला उजेड, कातळातला आवाज

चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात जे कोणी उभे राहिले असतील, त्यांना ठाऊक असेल की तेथे पाण्यात हात बुडविला तर आपलीच बोटे आपल्याला नीट दिसत नाहीत. खंबायतच्या आखाताकडून येणारा गाळ भरती-ओहोटीबरोबर या किनाऱ्यावर सदैव ढवळला जात असतो. चित्रातल्या समुद्राचा निळा रंग पाहून आलेला मुंबईचा पाहुणा हे मातकट पाणी पाहून हिरमुसतो. परंतु आम्हांला या गढूळ पाण्याबद्दल थोडा आदर वाटतो. जेथे डोळ्यांचे काही चालत नाही तेथे कानांचे चालते, ही गोष्ट या पाण्यात राहणाऱ्या माशांना माणसाच्या फार आधी कळली होती.

सातपाटी-मुरबे या बाजूच्या श्रोत्यांना घोळ मासा काय हे सांगावयास नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका होडीच्या जाळ्यात १५७ घोळ मासे एकदम आले व ते एक कोट तेहतीस लाखांना विकले गेले. हे वृत्त तेव्हा साऱ्या देशात गाजले. एवढी किंमत मासळीच्या चवीची नव्हे. ती त्याच्या पोटातील बोताची. शस्त्रक्रियेत विरघळणारे टाके घालण्यासाठी व मद्य निवळण्यासाठी त्याचा उपयोग होतो, आणि पूर्वेकडील देशांत त्याला सोन्याचा भाव येतो. पण माशाच्या लेखी हा बोत म्हणजे तरंगण्याची पिशवी तर आहेच, शिवाय ढोलही आहे. पिशवीच्या बाजूचे स्नायू भराभर आखडून घोळ व त्याचे भाऊबंद तिच्यावर ठोके देतात, आणि विणीच्या हंगामात त्या ठोक्यांनी ते एकमेकांना हाक मारतात. मलायाच्या किनाऱ्यावर पाण्यात बुडी मारून माशांच्या थव्याचा आवाज ऐकणारे वाकबगार लोक असत. नाखवा त्यांच्या कानावर विसंबून जाळे टाकी. होडीच्या तळाच्या फळीला कान लावला तरी खालचा पुष्कळ आवाज ऐकू येतो. लिओनार्दो द व्हिंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे की, लांब नळीचे एक टोक पाण्यात बुडवून दुसरे कानाशी धरले तर फार दूरच्या जहाजांची चाहूल लागते.

मग हवेत जो आवाज हाकेच्या अंतरावर विरतो तो पाण्यात कोसच्या कोस कसा जातो? आणि जो उजेड हवेत क्षितिजापर्यंत पोहोचतो तो पाण्यात इतका का अडखळतो? आजच्या व्याख्यानाचा विषय हा प्रश्न होय. तो केवळ पुस्तकी नाही. ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न तीन ठिकाणी येऊन उभा राहिला आहे: पाण्याच्या टाकीत, पोलादाच्या नळात आणि आपल्या पायाखालच्या कातळात.

आधी आवाजाचे पाहू. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरावर कोलादों व स्टुर्म या दोघा तरुणांनी एक साधा प्रयोग केला. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. घंटेवर टोला पडताच त्याच क्षणी होडीवर बंदुकीच्या दारूचा भडका उडावा अशी योजना केली. सुमारे साडेतेरा किलोमीटर दूर दुसऱ्या होडीत कोलादों पाण्यात बुडविलेल्या कर्ण्याला कान लावून बसला. रात्रीची वेळ होती. भडका दिसला की घड्याळ सुरू करावयाचे, घंटा ऐकू आली की थांबवावयाचे. अंतर पडले नऊ सेकंदांहून थोडे अधिक. म्हणजे आवाज पाण्यातून सेकंदाला १,४३५ मीटर धावला. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. हेच अंतर हवेतून काटावयास त्याला जवळजवळ चाळीस सेकंद लागले असते.

येथे ऐकणारा हटकून विचारतो, पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी जड, मग त्यातून आवाज मंद जावयास नको काय? जडपणा आवाजाला मागे ओढतो हे खरे. पण आवाज म्हणजे पदार्थाचे दबणे व पुन्हा उसळणे होय, आणि पाणी दाबून पाहणाऱ्याला हे कळते की ते हवेच्या मानाने सुमारे पंधरा हजार पट कमी दबते. जो दबत नाही तो धक्का तत्काळ शेजाऱ्याला देतो. जडपणाचे नुकसान आठशे पट, ताठपणाचा फायदा पंधरा हजार पट. गणिताने वर्गमूळ घेतले की चौपटीचा हिशेब बरोबर जुळतो. पोलाद त्याहून ताठ, म्हणून त्यात वेग सेकंदाला पाच-सहा हजार मीटर. बोईसर-पालघरच्या बाजूस लहानपण गेलेल्या कित्येकांनी रुळाला कान लावून न दिसणारी गाडी ऐकली असेल. (हा प्रयोग करा असे आम्ही कोणास सांगत नाही. पूर्वी गाड्या थोड्या होत्या.)

उजेडाची गोष्ट उलटी आहे, आणि तिच्यावरून दीडशे वर्षे वाद चालला. न्यूटनचे म्हणणे असे की प्रकाश हा सूक्ष्म कणांचा वर्षाव आहे. पाण्याजवळ येताच दाट पाणी त्या कणांना आपल्याकडे खेचते, त्यामुळे किरण वाकतो आणि पाण्यात त्याचा वेग वाढतो. हॉलंडचा हायगेन्स म्हणे, प्रकाश ही लाट आहे, आणि लाट वाकते ती पाण्यात तिची चाल मंदावते म्हणून. पेल्यातला चमचा वाकडा दिसतो हे दोघांनाही मान्य होते. भांडण एवढेच की आत गेल्यावर उजेड धावतो की रेंगाळतो. पण सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्याची शर्यत लावणार कोण? १८३८ मध्ये फ्रान्सच्या आरागोने गरगर फिरणाऱ्या आरशाची युक्ती सुचविली. परंतु उपकरण हाती येईपर्यंत त्याची दृष्टी अधू झाली. ज्याने प्रकाशाची परीक्षा योजिली त्यालाच ती पाहता येऊ नये, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा. अखेर १८५० च्या एप्रिलमध्ये फुको याने किरणाचा एक मार्ग हवेतून व एक पाण्याने भरलेल्या नळीतून काढून दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी पाहिल्या. पाण्यातून आलेली हिरवट प्रतिमा मागे पडली होती. त्या दिवशी न्यूटनचा पक्ष हरला. पुढे मोजमापे झाली: पाण्यात प्रकाशाचा वेग सव्वादोन लाख किलोमीटर, काचेत सुमारे दोन लाख, आणि हिऱ्यात सव्वा लाखाच्या आतबाहेर.

पाण्याने प्रकाशाचा चौथा हिस्सा वेग काढून घेतला, तेव्हा एक चमत्कारिक फट उघडी पडली. आइन्स्टाइनने जी मर्यादा घातली ती पोकळीतील प्रकाशाच्या वेगाची. ती कोणासही ओलांडता येत नाही. परंतु पाण्यातला प्रकाश तर त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली रेंगाळत असतो. म्हणून एखादा चपळ विद्युत्कण पाण्यात प्रकाशाच्याही पुढे जाऊ शकतो, आणि कायदा मोडत नाही. होडी आपल्याच लाटांपेक्षा वेगाने गेली म्हणजे नाळेपासून दोन्ही बाजूंना पाण्याची पाचर मागे पसरते. विमान आवाजापुढे गेले म्हणजे जमिनीवर दणका ऐकू येतो. तसा पाण्यात प्रकाशापुढे धावणारा कण उजेडाची पाचर मागे सोडीत जातो. तो उजेड निळा असतो.

१९३४ साली रशियात वाविलोव या अध्यापकाच्या हाताखाली चेरेन्कोव नावाचा विद्यार्थी किरणोत्सर्गी पदार्थांजवळ ठेवलेल्या द्रवांतली ही मंद निळी झाक पाहात होता. झाक इतकी अंधुक की प्रयोगापूर्वी तासाहून अधिक वेळ गडद अंधारात बसून त्याला डोळे तयार करावे लागत. त्याआधीही काहींनी ही झाक पाहिली होती. पण असल्या द्रवांत नेहमी दिसणारी साधी दीप्ती म्हणून सोडून दिली होती. चेरेन्कोव सोडीना. फ्रांक व ताम यांनी १९३७ मध्ये तिचे गणित मांडले आणि १९५८ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. सागराच्या निळाईशी या निळाईचे नाते नाही, हे येथेच सांगून ठेवू. त्या निळाईवर आपल्या रामन यांनी १९२१ मध्ये विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर प्रयोग केले आणि समुद्र केवळ आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो हे मत खोडून काढले. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात हे त्यांनी दाखविले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते हाही त्या रंगाचा मोठा भाग आहे, असे आज समजले आहे. टाकीतली निळाई बाहेरून आलेली नसते. ती पाण्यातच जन्मते.

भारतात ती प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसली तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. तिचा गाभा उघड्या पाण्याच्या हौदात बुडविलेला असे, त्यामुळे वरून वाकून पाहणाऱ्याला तो निळा प्रकाश सरळ दिसे. तो पाहून पंडित नेहरूंना अप्सरेची आठवण झाली व नाव पडले, असे सांगतात. मग आले तारापूर. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी करार झाला, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या उभारल्या, आणि १९६९ च्या ऑक्टोबरअखेर त्यांची वीज महाराष्ट्र व गुजरात यांना रीतसर मिळू लागली. होमी भाभा हे पाहावयास नव्हते. १९६६ च्या जानेवारीत आल्प्स पर्वतावरील विमान अपघाताने त्यांना नेले होते.

येथे अणुभट्टीचे पात्र बंद असते, त्यामुळे निळा उजेड दिसतो तो इंधन बदलताना आणि वापरलेले इंधन ठेवण्याच्या खोल टाकीत. वापरलेल्या इंधनातून गॅमा किरण निघतात, ते पाण्यातील विद्युत्कणांना हाणतात, आणि ते कण प्रकाशाला मागे टाकीत धावतात. वरचे कित्येक मीटर पाणी किरण अडविते. उजेड मात्र वर येऊ देते. एकच पाणी एकाला भिंत आणि दुसऱ्याला खिडकी होते, हे त्या टाकीकाठी उभे राहिल्यावर जसे पटते तसे पुस्तकाने पटत नाही.

या उजेडाला राजकारणही चिकटले. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणचा स्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले हात आखडते घेतले, तारापूरचे इंधन अडले, आणि १९८२ च्या सुमारास फ्रान्सने ते पुरविण्याचे पत्करले. वापरलेल्या इंधनाचे काय, हा तंटा मात्र सुटला नाही. त्यावर पुन्हा प्रक्रिया करण्यास भारत उत्सुक, अमेरिकेची संमती नाही. म्हणून ते तारापुरातच पाण्याखाली साठत राहिले व त्यासाठी वेगळी साठवणही करावी लागली. वॉशिंग्टन-दिल्लीचा खलिता अडला की त्याचा भार चिंचणी-तारापूरच्या शेजारी पडून राहतो. करारांच्या इतिहासात ही बाजू क्वचितच लिहिली जाते. या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. अशा टाक्यांत इंधन खरोखरच जागेवर आहे, की कोणी नुसत्या लोखंडी कांबी उभ्या करून ठेवल्या आहेत, हे पाहावयास त्या संस्थेचे निरीक्षक जगभर जी उपकरणे वापरतात त्यांत एक दुर्बिणीसारखे यंत्र हीच चेरेन्कोवची झाक टिपणारे असते. डोळे तयार करण्यासाठी अंधारात बसलेल्या विद्यार्थ्याची निळी झाक राष्ट्राराष्ट्रांतील तहनाम्याची साक्षीदार व्हावी, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

उजेड पाण्यापुरता. पोलादाच्या आत तो शिरत नाही. तेथे पुन्हा कानाला शरण जावे लागते. सोकोलोव या रशियन शास्त्रज्ञाने १९२८ च्या सुमारास सुचविले की, माणसाला ऐकू न येणारा फार उंच पट्टीचा ध्वनी धातूतून सोडावा आणि आतले दोष शोधावेत. पुढे अमेरिकेत व इंग्लंडात त्याची यंत्रे झाली. त्यामागील तत्त्व असे की, पोलादात धावणाऱ्या आवाजाला वाटेत केसाएवढी जरी भेग लागली तरी भेगेतली हवा त्याला जवळजवळ संपूर्ण परतवते. एक पदार्थ ताठ व जड, दुसरा लवचीक व हलका, अशा दोघांच्या शिवेवर आवाजाला पलीकडे जाता येत नाही. पाण्याखाली बुडालेल्या पोहणाऱ्याला काठावरची हाक ऐकू येत नाही ती याच कारणाने, आणि दवाखान्यात सोनोग्राफीच्या आधी पोटावर गार चिकट मलम चोपडतात तेही याचसाठी. कातडी आणि यंत्र यांमध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर आवाज आत जाणारच नाही.

तारापुरासारख्या अणुभट्ट्यांना याची गरज विशेष पडली. गंज न लागणाऱ्या पोलादाच्या नळांत, सांध्याच्या कडेला, उकळत्या पाण्यातील प्राणवायू व धातूतला ताण मिळून आतून बारीक भेगा पाडतात, हे १९७० नंतर जगभर दिसून आले. बाहेरून नळ लखलखीत. आत काय चालले आहे ते फक्त परतलेला आवाज सांगतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची क्षमता पूर्वीच २१० वरून १६० मेगावॉटवर आणली होती. २०२० मध्ये पाणी फिरविणारे मोठे नळ बदलण्याच्या दीर्घ कामासाठी त्या थांबविण्यात आल्या. तिसरी व चौथी ही भारतीय बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. २००५ व २००६ मध्ये ती वीज देऊ लागली, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. वीज मोजली जाते तशी उठलेल्या गावांची मोजदाद कोठल्या मीटरवर होत नाही. असो; तो विषय एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

आता कातळ. जमिनीला कान लावून शत्रू ओळखण्याची विद्या फार जुनी. हिरोडोटस सांगतो की, बार्का शहराच्या वेढ्यात एका तांबटाने काशाची ढाल तटाच्या आतून जमिनीवर ठिकठिकाणी टेकवीत नेली. जेथे खालून इराणी लोक सुरुंग खणीत होते तेथे ती निनादली. तारापूरच्या किल्ल्याचा वेढा इतिहासप्रेमी श्रोत्यांना आठवत असेल. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून त्याचा तट फोडला. बाजी भिवराव रेठरेकर तेथे गोळी लागून पडले. पोर्तुगीज पहारेकऱ्यांनी आतून जमिनीला कान लावले होते की नाही, याची नोंद आम्ही पाहिलेली नाही. पण कुदळीचा प्रत्येक घाव मातीहून कातळातून अधिक दूर व अधिक लवकर जातो हा निसर्गाचा नियम त्या रात्रींतही चालूच होता.

तोच नियम २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पाड्यांनी अंगावर घेतला. धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांमागून धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला एक चारच्या वर गेला. थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपू लागले. धक्क्याबरोबर जमिनीतून तोफ उडाल्यासारखा आवाज येतो असे पाड्यांतील लोक सांगत, आणि शहरातील काही शहाणी माणसे ती भीतीची कल्पना समजत. ती कल्पना नव्हे. भूकंपाची पहिली लाट ही कातळातून धावणारा आवाजच असते, सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाची. ती पृष्ठभागाशी आली की बहुतेक परतते, पण थोडा अंश हवेत उतरतो. मैदानी गाळाच्या प्रदेशात वर येईपर्यंत तिच्यातील उंच पट्टीचे सूर माती गिळून टाकते व नुसती थरथर उरते. आपल्या बाजूस कातळ कठीण आणि धक्का उथळ, त्यामुळे कानाला ऐकू येणारे सूर शाबूत वर पोहोचतात. कोयनेच्या लोकांनी धरण भरू लागल्यावर असेच गडगडाट ऐकले होते, ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपाच्या कित्येक वर्षे आधी. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने डहाणूकडे यंत्रे बसविली तेव्हा पाड्यांचे कान खरे ठरले.

पहिल्या लाटेमागून दुसरी, आडवी हेलकावणारी लाट येते. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ढोबळ मानाने, दोहोंमधील सेकंदांना आठाने गुणले की धक्क्याचे किलोमीटरांतील अंतर निघते. ज्यांना गडगडाट व हेलकावा एकदमच जाणवला त्यांनी ओळखावे की उगम जवळजवळ पायाखाली होता.

ही यंत्रे भूकंप नसतानाही अगदी स्तब्ध नसतात. कुलाब्याच्या वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी १९३० मध्ये दाखविले की, अरबी समुद्रात वादळ उठले किंवा पावसाळ्याचे वारे जोरात सुटले की भूकंपमापकाची रेघ बारीक, संथ थरथरू लागते. समुद्राच्या लाटांचा दाब तळावर पडतो, तळ तो कातळाला देतो, आणि कातळ तो शेकडो किलोमीटर आत पोहोचवितो. जूनमध्ये आपल्या किनाऱ्यावर जेव्हा मासेमारी बंद होऊन होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, वादळी रात्री कोणी समुद्राकडे फिरकतही नाही, तेव्हा लाटांचा आवाज जमिनीखालून आत शिरतो आणि दूर कोठे तरी एका खोलीत यंत्राची सुई तो रात्रभर लिहीत बसते.